आधी इंजीन चालू ठेवा

मित्रांनो, मी एक जुना ट्रक आहे. माझ्या पाठीवर जाड भिंतींचा पांढरा डबा आहे. आता मी गोदामामागच्या आवारात उभा असतो. चाकांत हवा नाही, आणि आरशावर चिमण्या हक्काने बसतात.

कारखान्यातून आलो तेव्हा माझा काय रुबाब होता! माझ्या डब्यातून मधुमेहाची इंजेक्शने आणि बाळांच्या लसी जायच्या. उष्णतेने ही औषधे नासतात. इंजीन चालू असेल तोवरच माझा डबा थंड राहायचा. केबिनमध्ये एक तबकडी होती. तिचा काटा हिरव्या पट्ट्यात असला की सारे ठीक. लाल पट्ट्यात गेला की औषध वाया.

मला अनेकांनी चालवले, पण जीव लावला तो शिट्टीदादाने. गाडी मागे घेताना तो शिट्टी वाजवायचा, म्हणून हे नाव. दाट दाढी, घोगरा आवाज आणि हात मात्र हलका. जन्मला तेव्हा सगळ्यांनी त्याला मुलगी समजून मुलीचे नाव ठेवले होते. आपण मुलगा आहोत हे त्याला लहानपणापासून कळत होते. पुढे घरच्यांनाही कळले. कळले नव्हते ते फक्त त्याच्या वाहन परवान्याला. त्यावर अजून जुने नाव, लांब केसांचा फोटो आणि ‘स्त्री’ हा शब्द होता.

परवाना बदलून घ्यायला दादाने परिवहन कार्यालयात किती खेटे घातले! नाव बदलायचे तर चेहरा फोटोशी जुळला पाहिजे, आणि फोटो बदलायचा तर नाव जुळले पाहिजे, असे खिडकीतून सांगत.

“म्हणजे मी दाढी काढून, केस वाढवून जायचं, आणि मग म्हणायचं की मी असा दिसत नाही!” दादा हसून सांगायचा. पण तपासणी नाका जवळ आला की स्टिअरिंगवरची त्याची पकड घट्ट व्हायची. ते मला जाणवायचे.

आणि एके दिवशी, भर उन्हात, आम्हाला अडवले. औषधांचा एक ट्रक नुकताच चोरीला गेला होता, म्हणून कसून तपासणी चालली होती. दादाशेजारी रुग्णालयाच्या औषधवाल्या ताई बसल्या होत्या. नाक्यावरच्या साहेबांनी परवाना पाहिला, मग दादाकडे पाहिले.

“हा कुणाचा उचललास?”

“माझाच आहे, साहेब.”

“कार्डावर बाई आणि समोर दाढीवाला. मला वेडा समजतोस? इंजीन बंद कर. किल्ली दे.”

माझे इंजीन थांबले. डब्यातला पंखा गप्प झाला. ताईंनी रुग्णालयाचे पत्र दाखवले, दादाला आपण कधीपासून ओळखतो ते सांगितले. साहेब म्हणाले, “तुम्हीही सामील नाही कशावरून?”

माझा पत्रा तापू लागला. काटा सरकला. ताईंची नजर तबकडीवरून हटेना.

दादाने हात जोडले. “साहेब, मला इथेच बसवून ठेवा. हवं तर बेड्या घाला. पण किल्ली फिरवा, आधी इंजीन चालू ठेवा. आत लोकांची इंजेक्शनं आहेत.”

“आधी तू कोण ते कळू दे.”

शेवटी दादाने आईला फोन लावून साहेबांच्या हातात दिला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला.

“त्याला मी जन्म दिलाय. नाव चुकलं ते आमचं, आणि आम्ही ते केव्हाच सुधारलं. तुमच्या कार्डाला का जमत नाही? सोडा माझ्या मुलाला!”

साहेबांनी फोन परत दिला. त्यांनी वरिष्ठांना विचारले, रुग्णालयात विचारले, आणि मग किल्ली परत दिली. तोवर काटा लाल पट्ट्यात शिरला होता.

मी जीव तोडून धावलो. तरी रुग्णालयात निम्मी खोकी टाकून द्यावी लागली. ताईंनी रांगेतल्या माणसांना उद्या यायला सांगितले. एक म्हातारे गृहस्थ रिकामी पिशवी घेऊन परत वळले. दादा माझ्या पायरीवर बसून रडला.

मालकांनी नुकसान त्याच्याच माथी मारले. “कागद नीट होईपर्यंत गाडीला हात लावायचा नाही.” मी परक्या हातांत गेलो. कुणी माझे तेल बघितले नाही, की पाणी.

ताई मात्र हटून बसल्या. काय घडले ते सगळे त्यांनी कार्यालयाला लिहून कळवले. नाक्यावरचे साहेबही साक्षीला आले. “माणूस खरा होता, कार्ड खोटं होतं. मी कार्डावर विश्वास ठेवला,” असे ते म्हणाले. वरच्या अधिकाऱ्यांना ते खोडता आले नाही.

दादाला नवा परवाना मिळाला, तोपर्यंत माझे इंजीन कायमचे बसले होते. आता तो नवा ट्रक चालवतो. परवा माझ्या केबिनमध्ये येऊन बसला आणि स्वतःचे नाव मोठ्याने वाचून दाखवले. मग म्हणाला, कार्यालयाच्या रांगेत एक शिक्षक भेटले. ते स्वतःला ना बाई म्हणवतात, ना पुरुष. त्या कार्यालयाच्या अर्जात त्यांच्यासाठी अजून रकानाच नाही. सुट्टी मिळाली की दादा त्यांच्यासोबत जाऊन उभा राहतो.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कुणी तशा खिडकीमागे बसेल. तेव्हा समोरच्याला एवढेच विचारा, “तुम्ही कोण?” आणि तो सांगेल ते लिहा. मला दुरुस्त करायला आता सुटे भाग मिळत नाहीत. पण त्या कार्डात तर एक नाव, एक फोटो आणि एक शब्दच बदलायचा होता.