न जळणारी होडी

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे, पण माझ्या दिसण्यावर जाऊ नका. अंग चकचकीत आहे, आत मात्र भुसा झाला आहे.

माझा मालक हालवार, त्याच्या वडिलांनी पाइनच्या फळ्या एकीवर एक चढवून मला बांधले. नॉर्वेच्या आमच्या किनाऱ्यावर होड्यांचा एक शिरस्ता असतो. वसंतात डांबर लावायचे आणि मग पोटात दगड भरून आम्हाला चक्क उथळ पाण्यात बुडवून ठेवायचे. फळ्या पाणी पिऊन फुगतात, फटी आपोआप मिटतात. हालवारने आयुष्यभर हे मायेने केले. मीही त्याला कधी रिकाम्या हाताने परत आणले नाही.

पुढे त्याचे गुडघे गेले आणि मी होडीघरात पडून राहिले. छप्पर गळे ते थेट माझ्या पोटात. तळाची फळी तडकली, तरी कोणी फिरकले नाही. वाईट वाटायचे, खोटे कशाला सांगू?

मग एका मार्चमध्ये डॉक्टरांनी हालवारची आशा सोडली. त्याला एकच ध्यास होता, पुन्हा एकदा माझ्यातून समोरच्या बेटापलीकडे जाऊन गळ टाकायचा. त्याचा जावई ऐविन हौशी माणूस. तुटकी खुर्ची असो की फुटकी बरणी, तो इपॉक्सीने जोडत असे. दोन डब्यांतले द्रव एकत्र ढवळून ओतले की दगडासारखे घट्ट!

हालवारची मुलगी सिग्रुन माझ्या तळावर हात ठेवून म्हणाली, "ऐविन, ही अजून ओली आहे रे. उन्हाळाभर वाळू दे."

"आणि तुझे बाबा थांबणार आहेत का तोवर?"

तिने हात काढून घेतला.

त्याने गरम हवा मारून मला वरवर सुकवले, फट भरली आणि आतून-बाहेरून इपॉक्सी चढवले. हात प्रेमाचे होते. पण माझ्यातले पाणी आतच कोंडले गेले.

मे महिन्यात हालवार घोंगडी पांघरून माझ्यात बसला.

"काय जावईबापू, होडी केलीत की बशी?"

"बशी गळत नाही, बाबा."

"मग ओता कॉफी, बशीतूनच पिऊ!"

त्या दिवशी त्याला एक कॉड मिळाला. मासा मांडीवर घेऊन तो रडला. थंडी पडायच्या आत तो गेला.

मी आतून कुजत राहिले. यंदा जूनमध्ये ऐविनने तळावर अंगठा दाबला, तो सरळ आत गेला.

आमच्याकडे म्हाताऱ्या होडीला जूनमधल्या उत्सवाच्या होळीवर चढवून मानाने निरोप देतात. सगळे गाव गाते. मलाही चढवले होते. तेवढ्यात कोणीतरी ओरडले, "अरे, हिला इपॉक्सी फासलंय! विषारी धूर होईल, पोरं आहेत इथे. उतरवा आधी!"

आता मी कचरा डेपोच्या कुंपणाशी उपडी पडले आहे. मला टाकून जाताना ऐविन म्हणाला, "मीच मारलं हिला." सिग्रुनने माझ्या तळावर पुन्हा एकदा हात ठेवला.

मित्रांनो, मोडकी वस्तू जरूर जोडा, पण आधी तिला वाळू द्या. आणि तेवढा वेळच नसेल, तर निदान तिला जळता येईल एवढे तरी तिचे लाकूड निखळ राहू द्या.