खोली नंबर सोळा

“फ्लोरी आंटींचं नाव अजून यादीत आहे,” मी म्हणाले. ग्रेगरी अंकलनी मान वर केली नाही. हॉटेलला यादी पाठवायला पाच वाजेपर्यंत वेळ आहे ना, एवढंच पुटपुटले आणि फोनवर कुणाला तरी जॉर्डनमधल्या पेट्राची वाट समजावू लागले. अरुंद घळ, दोन्हीकडे उंच कडे, मग एकदम समोर गुलाबी दगडातले खांब. ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस कालच तिथून आलाय.

मी भक्ती, रत्नागिरीची. आखातातल्या, सीफमधल्या या टूर ऑफिसात अंकलच्या शेजारी बसते. तोंडाने फटकळ आहे मी, पण त्या दिवशी मीही विषय तिथेच सोडून दुसरी फाइल उघडली. आंटी म्हणजे अंकलची बायको, जूनमध्ये वसईला वारल्या. नोव्हेंबर उजाडला तरी जानेवारीच्या जॉर्डन टूरमध्ये त्या होत्याच: खोली नंबर सोळा, ग्रेगरी आणि फ्लोरी.

बावीस वर्षं अंकल लोकांना तिकडे पाठवतायत, स्वतः एकदाही गेले नाहीत. जायचं तर दोघांनी, असं ठरलेलं. आधी मुलांच्या शाळा आडव्या आल्या, मग सासूबाईंचं आजारपण. शेवटी रिटायर होण्याआधीची ही टूर पक्की झाली, तर आंटीच राहिल्या नाहीत. इतका राग येतो मला या ‘नंतर जाऊ’चा!

आमच्याकडे एकट्या माणसाला वेगळी खोली देत नाहीत, जोडी लावतात. ते काम अंकलचं. स्थळं जुळवावीत तसं करायचे. घोरणाऱ्याला घोरणारा, पहाटे उठणाऱ्याला पहाटे उठणारा.

चारच्या सुमाराला शिवदास आला. संगमेश्वरचा, एसी मेकॅनिक, इथे जवळच सनाबिसमध्ये राहतो. त्याची ही तिसरी खेप. त्याला डेड सी बघायचा होता. माणूस बुडतच नाही असा समुद्र असतो, हे गावी कुणी खरं मानत नव्हतं. दोनदा अंकलनी त्याला इथल्या अरबीत ‘मफी’, म्हणजे नाही, म्हणून परत पाठवलं होतं. आताही तेच म्हणाले, जागा नाही.

माझी चिडचिड झाली. शिवदास मात्र शांतपणे उठला आणि जाता जाता त्याने विचारलं, “तुम्ही बघितलाय काय हो तो समुद्र?”

“नाही,” अंकल म्हणाले. “बायकोबरोबर बघायचा म्हणून ठेवलाय.”

“मग या की जाऊन या टायमाला, दोघं.”

त्याला काय माहीत! मी कॉम्प्युटरमध्ये डोकं खुपसलं. अंकलनी यादी पुढ्यात ओढली. मग म्हणाले, “बसा. एक जागा आहे. तिचीच.”

शिवदास समजायचं ते समजला. नको म्हणाला, दोनदा म्हणाला. अंकलनी त्याच्या हातातून पासपोर्ट काढूनच घेतला.

पाचला दहा कमी असताना यादी माझ्याकडे आली. खोली सोळा, ग्रेगरी आणि शिवदास. स्पेलिंग बरोबर, पासपोर्ट नंबर बरोबर. शेवटच्या रकान्यात मात्र जुनंच राहिलं होतं: नवराबायको, एकच मोठा पलंग. बावीस वर्षांत अंकलच्या यादीत चूक निघालेली मी तरी ऐकली नव्हती. ती गुपचूप दुरुस्त करून टाकावी असं फार वाटलं. पण शेवटी हाक मारली.

“अंकल, पलंग...”

ते उठून माझ्यामागे येऊन उभे राहिले. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“राहिलंच की गं,” म्हणाले. “लिही. दोन वेगळे.”

मी लिहिलं आणि यादी पाठवली. ते जागेवर बसले आणि त्यांनी शिवदासला फोन लावला. सगळ्यांना सांगतात तेच सांगितलं: डेड सीला जायच्या आधी दोन दिवस दाढी करायची नाही, मिठाने गाल जळतात, पायात जुन्या चपला घालायच्या. मग त्यांनी विचारलं, “आणि तुम्ही घोरता का हो? मी घोरतो. फ्लोरीला सवय होती.”