मागून म्हणा

धाड गावच्या बाजाराला लागून गोपाल सरांचा इंग्रजीचा क्लास. पत्र्याचं शेड, त्यामुळे आत मुलं ओरडली की बाजारभर ऐकू जायचं. सरांची पद्धत एकच. फळ्यापुढं जो उभा असेल त्यानं वाक्य म्हणायचं आणि बाकीच्यांनी घसा ताणून ते मागून म्हणायचं. बारावीत पास व्हायचं तर तोंडात बसलं पाहिजे, अर्थबिर्थ नंतर, असं सर सांगत आणि पोरं बिचारी मेंढरागत म्हणत.

एका बाजाराच्या दिवशी धडा होता रिपोर्टिंग व्हर्ब्जचा, म्हणजे कुणी काय म्हटलं ते सांगणाऱ्या क्रियापदांचा. सरांनी फळ्यावर लिहिलं, 'गोविंदा अ‍ॅडमिटेड मूव्हिंग द स्टोन.' गोविंदानं दगड सरकवल्याचं कबूल केलं. पुढं, 'गोविंदा रिफ्यूज्ड टू अपॉलोजाइज.' गोविंदानं माफी मागायला नकार दिला. "अ‍ॅडमिटपुढं आयएनजी, रिफ्यूजपुढं टू," असं म्हणून ते बाकावरच्या सुचिताकडं बघून हसले.

गोविंदा तिचा बाप. दगड त्याच्या आणि सरांच्या शेतांमधल्या धुऱ्यावरचा, हद्दीचा. उन्हाळ्यात ट्रॅक्टर लावून तो बापाच्या वावरात सरकवला होता खुद्द या सरांनी, आणि सुचितानं ते डोळ्यांनी पाहिलं होतं. घरी सांगितलं असतं तर बाप कोयता घेऊन निघाला असता, म्हणून ती गप्प राहिली. आता शेतांची सरकारी मोजणी तोंडावर आली होती आणि हा हलकट माणूस पोरांच्या तोंडून तिच्या बापाला चोर ठरवत होता.

आणि बाप? इंग्रजी न कळणारा तो बाहेर कोहळी-वांगी विकता विकता आपलं नाव कौतुकानं ऐकत होता. "सर शिकेल माणूस आहे," संध्याकाळी तो म्हणाला. "धुऱ्याचं भांडण त्याच्या बापासंग. क्लासात मात्र माह्यं नाव घेते, अन् तेबी इंग्रजीत!" सुचिताच्या अंगाची आग आग झाली.

पुढच्या बाजाराला सरांनी तिलाच फळ्यापुढं बोलावलं. "म्हण, तुह्या बापाचं वाक्य. मागून म्हणा रे!" पोरं खिदळली.

सुचितानं बाकांकडं तोंड केलं. "गोपाल सर डिनाइड मूव्हिंग द स्टोन!" सरांनी दगड सरकवल्याचं नाकारलं.

पोरांनी सवयीनं घसा ताणला. "गोपाल सर डिनाइड मूव्हिंग द स्टोन!"

"सुचिता सॉ हिम मूव्हिंग इट!" सुचितानं त्यांना तो सरकवताना पाहिलं. पुन्हा सगळा वर्ग ओरडला. पत्रे दणाणले.

"स्टॉप रिपीटिंग!" सर किंचाळले.

"स्टॉप रिपीटिंग!" पोरं त्याच सुरात ओरडली. मग एकेकाच्या डोक्यात उजेड पडला आणि पोरांनी वह्यांत तोंडं घातली.

"निघ इथून! पाय ठेवू नको परत. पास कशी होते तेच पाहतो."

"तुमी मोजणीले या, सर," सुचिता म्हणाली. "तिथं मी मराठीत म्हणीन."

दप्तर उचलून ती बाहेर आली. बाप कोयत्यानं कोहळं कापत होता. चेहरा उतरलेला.

"आज माह्यं नावच नाही आलं," तो म्हणाला. "सारं सरचंच. काऊन पोरी, माह्यावर नाराज झाले का सर?"

"हाव बाबा," सुचिता त्याच्याजवळ गोणपाटावर बसली. "पहिले तो कोयता माह्यापाशी दे. मंग सांगते."