लिलिएनथालांच्या चिठ्ठ्यांची पेटी

मी एक जुनी ओक लाकडाची पेटी आहे. मित्रांनो, माझ्या चोवीस खणांत एकतीस हजार चिठ्ठ्या आहेत. त्या इतिहासकार आर्नो लिलिएनथाल यांनी सव्वीस वर्षे खपून लिहिल्या. विषय होता जर्मनीतल्या ऱ्हाईन नदीकाठच्या जुन्या बाजारपेठा. प्रत्येक चिठ्ठीवर एकच नोंद, खाली तिचा आधार आणि वरच्या कोपऱ्यात स्वतःची आद्याक्षरे. चूक निघाली तर दोष कुणाचा, हे कळावे म्हणून. आधार नसलेली चिठ्ठी ते सरळ शेगडीत टाकीत.

१९३३ साली त्यांचा दोष वेगळाच निघाला: ते जन्माने ज्यू होते. विद्यापीठाने एका कागदासरशी त्यांना काढले. तेव्हा त्यांचे सहकारी डॉ. वाल्डेमार क्रूगे घरी आले.

"प्रोफेसरसाहेब, उद्या झडती झाली तर? पेटी माझ्याकडे ठेवा."

प्राध्यापकांनी मला दिलेच. शिवाय पाच दिवस बसून खणांचा क्रमही समजावला. त्यांच्या पत्नी हेडविग दारातून म्हणाल्या, "चोराला किल्ली देताय ती देताय, वर कुलूप कसं उघडायचं तेही शिकवा!"

"अगं, क्रम कळला नाही तर काम वाया जाईल."

असली चूक केवळ विद्वानच करू शकतो.

१९३८च्या शरदात अमेरिकेतल्या एका महाविद्यालयाचे पत्र आले. जागा तयार होती, पण डिसेंबरअखेर ग्रंथाची काही प्रकरणे पोहोचायला हवी होती. जागा नाही तर प्रवेशपरवाना नाही. आणि प्रकरणे लिहायची तर मी हवी होते. हेडविग क्रूगेंच्या घरी आल्या, तेव्हा ते माझ्या चिठ्ठ्यांचे वरचे कोपरे कापत बसले होते.

"प्रोफेसरीणबाई! तुम्ही इथं? कुणी पाहिलं म्हणजे?"

"पाहू दे. आमच्या टेबलावर जेवलायस तू, वाल्डेमार. सगळी नको, नुसते सहा खण दे."

"ती आता विद्यापीठाची मालमत्ता आहे. माझ्या हातात काय आहे?"

"कात्री आहे."

क्रूगेंनी उठून त्यांना कोट घालायला मदत केली. घरचे वळण उत्तम होते. मग दार लावले आणि उरलेले कोपरे कापले.

डिसेंबर संपला. दोन वर्षांनी क्रूगेंचा ग्रंथ निघाला; त्यातल्या तळटीपांच्या सचोटीची फार वाखाणणी झाली. आणखी दोन वर्षांनी, एका रविवारी कॉफीच्या वेळी, त्यांच्या पत्नी केक कापता कापता म्हणाल्या, "त्या लिलिएनथालांना नेलं म्हणे पूर्वेकडच्या छावणीत, दोघांनाही. साखर देऊ?"

क्रूगेंनी साखर घेतली.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, एवढे विनवून मला थांबता आले असते. पण मला इथे संग्रहालयात फार उत्तम जपतात: काच आहे, कुलूप आहे, ओल लागू नये म्हणून यंत्र आहे. पाटीवर क्रूगेंचे नाव आहे. तुमच्यापैकी कुणी इथे आलेच, तर रखवालदाराला मोठ्याने विचारा, "लिलिएनथाल कोण होते?" त्याला सांगता येणार नाही. तरी विचारा. ते नाव कुणाच्या तरी तोंडून मला एकदा ऐकायचे आहे.