सेहुशचा विरुद्धार्थी शब्द

मी भाषा बनवतो. लोकांना हे सांगितलं की ते आधी हसतात, मग विचारतात, "म्हणजे भाषांतर का?" भाषांतर करणाऱ्याचं बरं असतं. त्याच्या आधी निदान कोणीतरी काहीतरी बोललेलं असतं. मी बोलतं करतो तीन डोळ्यांच्या सेनापतींना, बर्फाखाली राहणाऱ्या टोळ्यांना, अंडी घालणाऱ्या महाराण्यांना. एका अवाढव्य चित्रपटमालिकेच्या तीन भागांत मी चार भाषा रचल्या, व्याकरणासकट. चौथ्या भागाला माझी विहीर आटली.

आटली म्हणजे साफ आटली. 'गुहावासी' नावाची फाईल मी सात महिने रोज सकाळी उघडायचो आणि संध्याकाळी तशीच कोरी बंद करायचो. एखादा शब्द सुचलाच तर तासाभराने लक्षात यायचं, हा तर आपल्याच दुसऱ्या भागातल्या राक्षसांचा. आमचा दिग्दर्शक, ज्याला सगळे कप्तान म्हणतात, मला रोज एकच गोष्ट सांगायचा. "मास्तर, काहीतरी अगदी नवीन द्या. मागच्या वेळी लोकांना आवडलं होतं तसं."

मग एका दुपारी मी बसल्या बैठकीला चाळीस शब्द लिहून काढले आणि सगळीकडे एकच कौतुक झालं. या भाषेत कठोर अक्षरच नव्हतं. ट नाही, ड नाही, ख नाही, ध नाही. सगळं स, ह, फ, ल, श. "डोंगराला ऐकू जाऊ नये म्हणून दबून बोलणारी माणसं," कप्तान म्हणाला. "कुठून सुचतं हो तुम्हाला हे?" मी नुसता हसलो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काय, हे मला त्या दिवशी कळलं.

कारण मला काहीच सुचलं नव्हतं. ती भाषा माझ्या ताईची होती. मी पाच वर्षांचा होतो, ती नऊ. बाबा संध्याकाळी घरी येताना कोणत्या तऱ्हेने येतील याचा नेम नसायचा आणि दोन खोल्यांमधली भिंत फळीची होती. ताईने शोधून काढलं की काही अक्षरं फळीतून पलीकडे जातात आणि काही इकडेच विरतात. विरणाऱ्या अक्षरांचे तिने शब्द केले. लूस म्हणजे पाणी. फेसल म्हणजे भूक. सेहुश म्हणजे बाबा आले, दिवा बंद कर. मग आम्ही कपाटामागे बसायचो, तिच्या हातात माझा हात. चाळीसच्या चाळीस शब्द तिचे होते. माझ्याकडे काम एकच, घाबरायचं.

आमच्याकडे प्रत्येक शब्दाची एक चिठ्ठी भरावी लागते. वर शब्द, खाली छापील ओळ: हा शब्द संपूर्णपणे माझ्या कल्पनेतून आला आहे. त्याखाली सही. मी चाळीस सह्या केल्या आणि ताईला कळवलं नाही. कळवू, कळवू म्हणता शूटिंग सुरू झालं, आणि गेल्या आठवड्यात झलकही बाहेर आली. तिच्यात गुहावासींची राणी कड्यावर उभी राहून घसा फाटेस्तोवर ओरडते, "सेहुश!" दोन दिवसांत पोरं रस्त्यात तेच ओरडत पळायला लागली. ताईचा फोन आला नाही. एरवी ती साध्या सर्दीचीही चौकशी करते.

आज शेवटचा प्रसंग होता. शत्रू निघून गेलाय, राणी आपल्या मुलाचा हात धरून गुहेच्या आत लपलीय, आणि तिने म्हणायचंय, "गेले. बाहेर चला." एकच शब्द, सेहुशच्या उलट. ताईचा तसा एक शब्द होता अशी माझी खात्री होती, पण काही केल्या तो आठवेना. म्हणून मी मनाने एक ठोकून दिला होता, इलारा.

सकाळच्या तालमीत राणीने तो उच्चारला आणि आमच्या ध्वनिमुद्रकाने कानावरचे हेडफोन उतरवले. आम्ही त्याला कानसेन म्हणतो, तो फारसं बोलत नाही. "हा शब्द बाकीच्यांच्या घरचा नाही," तो म्हणाला. "सावत्र वाटतो."

"साबणाचं नाव वाटतंय," कप्तान म्हणाला. त्याने घड्याळ पाहिलं. "मास्तर, चारला शॉट. संध्याकाळी ही गुहा तोडतायत, उद्या इथे यानाचं इंजिन उभं राहणार. सगळा चित्रपट त्या एका शब्दाला टांगलाय. चार म्हणजे चार."

तेव्हा एक वाजला होता. मी ताईकडे निघालो.

ताई इस्पितळात लोकांचे कान तपासते. तिच्या खोलीत एक छोटी बंद कोठडी आहे, भिंतींना जाड गादी, एका बाजूला काच. माणसाला आत बसवायचं, कानाला हेडफोन लावायचे, हातात बटण द्यायचं. आवाज आला की बटण दाबायचं, मग काचेबाहेर ताईच्या टेबलावर एक छोटा दिवा लागतो. मी दारात उभा राहिलो तेव्हा ती डबा धुऊन पुसत होती.

"ताई, एक काम होतं."

"माहीत आहे. आत बस."

"कान ठीक आहेत माझे."

"बारक्या, आत बस."

मी बसलो. तिने दार लावलं आणि बाहेरचं जग कापूस कोंबल्यासारखं बंद झालं. मला माझाच श्वास ऐकू यायला लागला. मग कानात तिचा आवाज आला, रोज शंभर जणांना सांगते तसा. "ऐकू आलं की दाब. बोलायचं नाही."

आधी नुसत्या शिट्ट्या झाल्या, बारीक, आणखी बारीक. मग ती कुजबुजली, "लूस." मी दाबलं. "फेसल." दाबलं. तिने बाहेर एक खटका फिरवला. पुढचा शब्द इतका हळू आला की तो आवाज होता की नुसती हवा, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. सेहुश. माझ्या उजव्या अंगठ्याने बटण दाबलं आणि डावा हात भिंतीवर दिव्याचं बटण शोधायला लागला. तीस वर्षांनी. मला स्वतःची लाज वाटली, आणि भीतीही वाटली.

"मंगळवारी सात वर्षांचा एक मुलगा आला होता," कानात ताई म्हणाली. "तू बसलायस तिथेच बसला आणि गंमत म्हणून मोठ्याने तेच ओरडला. मी खोलीतला दिवा बंद केला. आपण काय करतोय हे कळायच्या आत. त्याची आई घाबरली. मी म्हटलं, वीज गेली."

मी काचेतून तिच्याकडे पाहत होतो. ती माझ्याकडे पाहत नव्हती.

"आता समोरच्या माइकमध्ये बोल," ती म्हणाली. "काय काम होतं?"

माफी आधी मागायला हवी होती. पण माझ्या तोंडून निघालं, "सेहुशचा विरुद्धार्थी शब्द. चारच्या आत हवाय."

"शाळेतल्यासारखं विचारतोयस. तसा शब्द नव्हता."

"होता, ताई. तू काहीतरी म्हणायचीस आणि आपण बाहेर यायचो."

"मी काही म्हणायचे नाही. तुझा हात धरलेला असायचा, तो सोडायचे." काचेपलीकडे तिने मूठ वर केली आणि उघडली. "बस. तेवढंच."

"पण बाबा गेले हे तुला कसं कळायचं?"

"नाही कळायचं. माझा हात दुखायला लागला की मी सोडायचे. तुला वाटायचं, गेले."

माइक हाताने झाकला की त्या कोठडीतून बाहेर काहीही जात नाही, म्हणून मी तो झाकला आणि रडलो. इतकी वर्षं मी समजत होतो की त्या घरात मला धोका टळल्याचं सांगणारं कोणीतरी होतं. होती ती नऊ वर्षांची दमलेली मुलगी.

मी डोळे पुसून वर पाहिलं तेव्हा ताई तिच्या टेबलावरच्या दिव्याकडे पाहत होती. दिवा पेटलेला होता. मी बटण कधी दाबलं ते मला कळलंच नव्हतं, आणि माझा अंगठा अजून तिथेच होता.

"सापडलं वाटतं तुला," ती म्हणाली. "आता हेही नेशील."

"नाही."

"मागच्या वेळी निदान खोटं बोलायला तरी आला नव्हतास."

"सेहुश काढून टाकायला सांगतो, ताई. आज सांगतो."

"पोरांच्या तोंडी गेलेलं परत येतं का? ते गेलं." तिने दार उघडलं. आता तिचा आवाज खराखुरा येत होता, आणि तो थकलेला होता. "हे एवढं राहू दे."

परतीच्या वाटेवर मला माझी स्वतःची किळस आली, कारण सात महिन्यांत चाललं नव्हतं तेवढं माझं डोकं तेव्हा चालत होतं. राणी. अंधार. मूल. संगीत नाही, शब्द नाही. धरलेला हात, त्यावरची पांढरी पडलेली बोटं, आणि मग ती बोटं सैल होतात. पुढे काही दाखवायचं नाही. असा शेवट मी कुठेच पाहिला नव्हता. सिग्नलला थांबलो तेव्हाही तो शॉट डोळ्यांसमोरून हलेना. हलावा असं मला वाटतही नव्हतं, हे कबूल करायला हवं.

चारला पाच मिनिटं असताना मी गुहेत शिरलो.

"मिळाला?" कप्तानने विचारलं.

"इलाराच ठेवा."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग कॅमेऱ्यामागे गेला. राणीने इलारा म्हटलं. पुन्हा म्हटलं. हळू म्हटलं, रडत म्हटलं, पाठमोरी होऊन म्हटलं. नऊ वेळा झाल्यावर कानसेनने हेडफोन गळ्यात घेतले आणि तो जमिनीकडे पाहत बसला. बाहेर गुहा तोडणारी माणसं हातोडे घेऊन येऊन थांबली होती.

"थांबा." कप्तान अचानक उभा राहिला. "शब्दच नको. बोलूच नये तिने." तो राणीपाशी गेला, तिच्या हातातला मुलाचा हात निरखायला लागला. "हात धरलेलाच आहे. तो धरलेला आहे, आणि मग..." त्याने स्वतःची मूठ डोळ्यांसमोर धरली. करंगळी हलली. तो अगदी उंबऱ्यावर येऊन उभा होता, कोणी न सांगता, आणि त्याची बोटं एकेक करून उलगडायला लागली होती.

"घट्ट धरू दे," मी म्हणालो.

"काय?"

"आणखी घट्ट धरू दे. मुलाला उचलून छातीशी घेऊ दे. मग इलारा म्हणू दे. मागून व्हायोलिन. सूर्य उगवतोय."

कप्तानची मूठ मिटली. "मास्तर, हे तर सगळेच करतात."

"हो. म्हणूनच लोकांना आवडतं. तुम्हीच म्हणता ना रोज?"

तो काही क्षण आपल्या मुठीकडे पाहत राहिला. मघाशी तिच्यात काहीतरी होतं, ते आता आठवत नव्हतं, एवढं त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "तुमचं संपलंय, मास्तर," तो शेवटी म्हणाला. रागाने नाही. "पुढच्या भागाला दुसरा कोणीतरी बघतो." मग वळून ओरडला, "उजेड आणा. सूर्य करा इकडून."

राणीने मुलाला छातीशी घेतलं आणि इलारा म्हटलं. एका दमात शॉट झाला. हातोडेवाले आत आले.

बाहेर पडताना दारात चिठ्ठ्या भरून घेणाऱ्या बाईने एक चिठ्ठी पुढे केली. वर इलारा लिहिलेलं होतं, खाली छापील ओळ. हा शब्द संपूर्णपणे माझ्या कल्पनेतून आला आहे. मी ती दोनदा वाचली. मग सही केली, आणि या चित्रपटासाठी केलेल्या एकेचाळीस सह्यांपैकी तेवढी एक खरी होती.