भानुमतीबाईंची शिट्टी

आमच्या पाचवीनं त्या वर्षी दोन बाई पळवून लावल्या होत्या आणि त्याचा आम्हाला भलताच अभिमान होता. आम्ही खमरियातल्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीच्या क्वार्टरांमधली पोरं. घरी बाप रातपाळी करून झोपलेला, म्हणून तोंडातून आवाज काढायची सोय नाही. तो सगळा आवाज आम्ही साठवून शाळेत नेत असू.

तिसऱ्या आल्या त्या भानुमतीबाई. अमरावतीच्या, अगदी नव्या. आवाज इतका बारीक की पहिल्या बाकापर्यंत पोचता पोचता संपायचा. "मुलांनो, शांत बसा बरं," असं त्या म्हणाल्या की आमचा म्होरक्या बंडू मागून ओरडायचा, "काय म्हणून राहिल्या बाई? जोर से बोलो!" आठवडाभरात आम्ही त्यांच्या नाकी नऊ आणले.

मग एक दिवस हेडमास्तर शालिग्राम सर दारात येऊन उभे राहिले. "बाई, शनिवारी डिप्टी साहेब तपासणीला येऊन राहिले. तुमच्या वर्गाचा आवाज झाला, तर तुमची नोकरी काही पक्की होत नाही. सीधा अमरावतीचं तिकीट." हे आम्हा पोरांच्या देखत. इतकीही अक्कल नसलेला माणूस हेडमास्तर कसा झाला, या विचारानं माझं डोकं अजून तापतं. बाई पुसलेलाच फळा पुन्हा पुसत राहिल्या.

तेव्हा एकाहत्तरची लढाई चालू होती. फॅक्टरीची वस्ती, त्यामुळे विमानं येतील म्हणून जागोजागी खंदक खणलेले. नियम असा, की धोक्याची शिट्टी ऐकू आली की जवळ शिट्टी असेल त्यानं ती पुढे वाजवायची आणि सगळ्यांनी खंदकात उतरायचं. पहिली शिट्टी ज्यानं वाजवली, त्यानंच शेवटी एक लांब शिट्टी वाजवायची. ती झाल्याशिवाय कोणी वर यायचं नाही. आमचा वर्ग खंदकापासून लांब, म्हणून आम्हाला बाकाखाली शिरायला शिकवलं होतं, कानात बोटं आणि दातांत रुमाल धरून. एक शिट्टी बाईंनाही मिळाली होती.

पहिल्याच सरावात बाईंच्या लक्षात आलं, की दातांत रुमाल असला की बंडूसुद्धा बोलू शकत नाही! दुसऱ्या दिवशी आमचा गोंधळ सुरू झाल्याबरोबर त्यांनी दार-खिडक्या लावल्या आणि शिट्टीत हलकीशी फुंकर मारली. आम्ही धडाधड बाकाखाली. मग बाई पदर खोचून स्वतः टेबलाखाली जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "आता कानातली बोटं काढा." तिथून त्यांनी गोष्टीसारखा भूगोल शिकवला. बाकांखाली त्यांचा तो बारीक आवाज शेवटपर्यंत स्पष्ट ऐकू यायचा. ज्याला उत्तर येत असेल त्यानं रुमाल काढायचा, सांगायचं, परत रुमाल दातांत. खोटी शिट्टी आहे हे आम्हाला चांगलं कळत होतं, पण मजा यायला लागली होती. बंडू तर रोज विचारायचा, "बाई, आज हमला कधी?"

शनिवार उजाडला. डिप्टी साहेब आले, सरांबरोबर पटांगणात बोलत उभे राहिले. आणि नेमकं तेव्हाच बंडूच्या खिशातलं खारीचं पिल्लू सुटलं. ते बाकांवरून पळालं, शकूच्या वेणीत शिरलं, अख्खा वर्ग बाकांवर चढला. बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. घाबरून त्यांनी सताड उघड्या खिडकीशेजारी शिट्टी फुंकली, ती हलकी नाही, छातीभर!

आम्ही बाकाखाली गेलो. पण रस्त्यापलीकडच्या तुळशीरामकाकांनी ऐकलं आणि पुढे वाजवली. त्यांची पुढच्या लाइनीनं ऐकली. बघता बघता सगळी वस्ती शिट्ट्या मारत होती. बाकी वर्ग किंचाळत पळाले. मी दाराजवळच्या बाकाखालून पाहिलं, तर सर आणि डिप्टी साहेब हातात हात घालून खंदकात उडी मारत होते. त्या खंदकात नळाचं पाणी झिरपायचं.

मग सगळं चिडीचूप. लांब शिट्टी काही होईना. होणार कशी? जो तो म्हणे, पहिली दुसऱ्यानं वाजवली. कुणाच्या तरी चुलीवरचा भात लागल्याचा वास सुटला.

बाई उठून उभ्या राहिल्या. इकडे आड, तिकडे विहीर. वाजवावी तर चोर सापडणार, न वाजवावी तर वस्ती संध्याकाळपर्यंत खंदकात. तेवढ्यात बंडूनं रुमाल काढला.

"बाई, नका वाजवू. तुम्हाला काढून टाकतील. कोणाला मालूमच नाही न! आम्ही नाही सांगत. अळीमिळी गुपचिळी."

हा आमचा बंडू! मला रडूच आलं.

"अरे, बाया लेकरं घेऊन गारठ्यात बसल्या आहेत," बाई म्हणाल्या आणि व्हरांड्यात जाऊन, सगळ्यांना दिसेल असं उभं राहून त्यांनी लांब शिट्टी वाजवली.

डिप्टी साहेब आले ते कमरेपर्यंत चिखल आणि पायात एकच बूट घेऊन. मागून सर ओरडत होते, "देखिए साहब! वर्ग आवरत नाही म्हणून अख्खी वस्ती खड्ड्यात घातली!"

साहेबांनी वर्गात पाहिलं. खरी लांब शिट्टी झाली होती, तरी आमच्यातला एकही हलला नव्हता. साहेब वाकले आणि बंडूला विचारलं, "तेरह का पहाडा आता है?" बंडूनं रुमाल काढला, तेराचा पाढा न अडखळता म्हटला आणि रुमाल परत दातांत धरला.

साहेब सरळ झाले. "हेडमास्टर साहब, खंदक में आप मेरे कंधे पर चढकर चिल्ला रहे थे. पूरे स्कूल में चुप तो यही बच्चे हैं." मग बाईंकडे वळून त्यांनी हात पुढे केला. "सीटी दीजिए. लडाई के दिनों में यह खेल नहीं चलेगा. नौकरी आपकी पक्की."

शिट्टी खिशात घालून, सरांच्या खांद्याचा आधार घेत ते लंगडत फाटकाबाहेर गेले. बंडूनं रुमाल काढला.

"बाई, झाली न पक्की?"

"झाली रे," बाई म्हणाल्या आणि त्यांचा आवाज पार पहिल्या बाकाच्याही अलीकडेच संपला.

"मग आता काहून चूप बसायचं?"

आणि आम्ही बाकांवर चढून जो काही कल्ला केला, तो अजून कुठल्या शाळेत झाला नसेल. बाईंनी आम्हाला गप्प बसा म्हटलं नाही. त्या खुर्चीत बसून तोंडाला पदर लावून हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या.