तोमासाच्या पाठीसाठी

मी लोकरीचा एक तांबडा पट्टा बोलतोय. जमलं तर आजच ऐका. उद्यानंतर मी बोलायला नसेन.

डोंगरातल्या एका गावात एका आईने आम्हा जुळ्या भावांना मागावर विणलं आणि मधोमध शिवून ओझ्याचं फडकं केलं. आमच्याकडच्या बायका अशाच फडक्यात लेकरू, बटाटे, सरपण सगळं पाठीला बांधतात. आई गेल्यावर दोघी लेकींनी शिवण उसवून आम्हाला वाटून घेतलं. मी एउसेबियाकडे आलो, भाऊ तोमासाकडे गेला. दोघींनी एकेक नवा पट्टा विणून आम्हाला जोडीदार दिला. माझ्यात एउसेबियाची पोरं झोपली, मुतली, मोठी झाली.

तोमासाने मात्र आपलं फडकं सुक्रे शहरातल्या संग्रहालयाला देऊन टाकलं. "मी मेल्यावरही माझं काम बघायला लोक येतील," म्हणायची. पुढे जन्मभर ओझी वाहिली ती गोणपाटात. गेल्या आठवड्यात ती वारली.

मेलेल्याचे कपडे आठव्या दिवशी नदीवर नेऊन आम्ही काही धुतो, काही जाळतो. जाळलेलं त्याच्यापर्यंत पोचतं. तोमासाची टोपी होती, चपला होत्या, फडकं तेवढं नव्हतं. एवढ्या लांबच्या वाटेवर बहीण शिदोरी कशात नेणार, या काळजीने एउसेबियाचा डोळा लागेना. म्हणून ते फडकं परत मागायला आज मला पाठीला बांधून ती बसने सुक्रेला आली.

जुन्या विद्यापीठाच्या दगडी कमानीखाली नात नेल्वा उभी होती. ती तिथे कायदा शिकते.

"आजी, आधी काहीतरी खाऊन घे."

"आधी तोमासाचं काम. तू वकील होणार ना? मग तूच बोल त्यांच्याशी."

संग्रहालयात भाऊ काचेआड दिसला. रंग तसाच, एक धागा विटलेला नाही. मला मातीचा, धुराचा वास येतो. त्याला कसलाच येत नव्हता. एउसेबियाने मला पाठीवरून सोडून काचेला टेकवलं. इतक्या वर्षांनी आम्ही शेजारी आलो आणि मला रडू आलं. पट्ट्याचं रडणं कुणाला दिसतं?

नेल्वा बोलली, चांगली बोलली. तिथले प्रमुख ग्रोव्हर यांनी सगळं ऐकून घेतलं.

"आई, आत आलेली वस्तू बाहेर देता येत नाही मला. पण तुमचाही पट्टा द्या. दोघांना पुन्हा जोडून लावू. कसर लागणार नाही, तुमच्या पणतवंडांनाही बघायला मिळेल."

खोटं कशाला बोलू, मला मोह झाला.

एउसेबियाने काचेवरूनच माझ्या भावावर हात फिरवला. मग म्हणाली, "मोठ्या घरी दिलेली लेक आहे ही. अंगाला ऊन नाही, हाताला काम नाही. राहू दे तिला सुखात. पण दोघंही इथेच राहिले, तर माझी बहीण पाठीला काय बांधेल?"

बसथांब्यावर तिने शालीची टाचणी काढली आणि माझी शिवण उसवली. स्वतः विणलेला पट्टा नेल्वाच्या हातात दिला.

"हा तुझ्या लेकराला."

"आजी, माझं अजून लग्न नाही झालं."

"मग घाई कर."

दोघी हसल्या, आणि हसता हसता एउसेबिया रडली.

आता मी तिच्या मांडीवर घडी होऊन पडलोय. माझ्यात उकडलेला मका आहे, चघळायची कोकाची पानं आहेत. उद्या नदीकाठी जाळ पेटेल. भीती वाटते, पण काम माझ्या ओळखीचं आहे.

कधी सुक्रेला गेलात, तर काचेआडच्या माझ्या भावापुढे घटकाभर थांबा. त्याला सांगा, तोमासाचं ओझं मी उचललंय.